वेशीपाशी थांबलेली इटली

धुळ्यात आमच्या देवपुरातल्या गल्लीत मला पुढून मॅडम म्हणतात आणि मागून इटलीवाली. मागचं नाव जास्त खरं आहे, आणि ते मी स्वतः कमावलंय. गाडी घेतली त्या वर्षी माझं एकही वाक्य इटलीवाचून पुरं होत नसे. भाजीवाल्यानं मेथीची जुडी लहान दिली तरी मी म्हणायची, "भाऊ, पटकन दुसरी द्या, तिकडं इटलीची गाडी उन्हात उभी आहे." भाजीवाला मान लांब करून बघायचा. लाल रंगाची, बुटकी, फुगऱ्या गालांची गाडी. ती इटलीची आहे हे त्याला बघून कसं कळणार? म्हणून मी सांगायची. पन्नाशी ओलांडलेली, मुलींच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेली बाई, आणि अक्कल ही एवढी.

भूगोलाचाही यात हात आहे. इटली बुटासारखी दिसते आणि तो बूट सिसिलीला लाथ मारायला निघालाय, हे मी इतक्या मुलींना इतक्या वेळा सांगितलं होतं की त्या देशावर आपला थोडाफार हक्क आहे असं मला वाटायला लागलं होतं. बाकी इटलीचं मला काय माहीत होतं? शून्य. आणि गाडी तरी कुठं तिथली होती? कंपनीचं नाव लिहीत नाही. तिनं आपल्याकडचा गाशा गुंडाळला, गेलेल्यांचं नाव कशाला घ्या. पण गाडी बनली होती पुणे जिल्ह्यात, आपल्याच पोरांच्या हातून. आमच्या घरच्या गृहस्थांनी हे कुठूनसं खोदून काढलं. मग पाहुणा आला की माझ्या आधी तेच तोंड उघडायचे. "मॅडमची गाडी इटलीची बरं का. इटली म्हणजे शिरूरच्या जरा पलीकडं."

पण गाडी मी इटलीच्या प्रेमानं घेतली नाही. भावावर रागावून घेतली.

माझं माहेर अमळनेरच्या अलीकडचं एक खेडं. आमच्या खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा लेकीबाळींचा सण. दिवाळी एक वेळ सासरी होईल, पण आखाजीचा झोका माहेरच्याच लिंबाला. मात्र सासुरवाशिणीनं उठून आपलं आपण माहेरी जायचं नसतं. भावानं न्यायला यायचं, नाहीतर भावकीतल्या कुणीतरी यायचं, तिच्या सासूसमोर बसून चहा प्यायचा आणि लेकीला घेऊन जायचं. न्यायला येतो तो मुऱ्हाळी, आणि त्या बोलावण्याला म्हणतात मूळ. मूळ लागलं तर ती लेक आहे. नाही लागलं तर होती.

वडील होते तोवर ते स्वतः यायचे, एसटीतून, मांडीवर खरबुजांची पिशवी घेऊन. ते गेल्यावर भाऊ आला. माझ्यापेक्षा लहान, माझ्या कडेवर वाढलेला. म्हणाला, "अक्का, एक सही पाहिजे." वडिलांच्या शेतावरचा बहिणीचा हक्क सोडल्याची सही. मी काय विचारलं? पेन कुठंय, एवढंच. तालुक्याच्या कचेरीत फोटो काढला तेव्हा हसलेसुद्धा. येताना त्यानं मला साडी घेतली, डाळिंबी रंगाची, जरीकाठी. ती नेसून मी शाळेत गेले आणि स्टाफरूममध्ये पदर पुढं घेऊन घेऊन दाखवला. "भावानं घेतली." गणिताच्या बाई म्हणाल्या, "शेत किती होतं?" मला वाटलं, जळते मेली. आज हिशेब केला तर तेवढी महाग साडी धुळ्यात कुणी नेसली नसेल, आणि पहिल्या पाण्यात तिचा रंग गेला.

पण सही करणाऱ्या सगळ्याच बहिणींचा एक भरवसा असतो. शेत गेलं तरी माहेर राहील. मूळ लागत राहील.

लागलंही काही वर्षं. आधी भाऊ मोटारसायकलवर यायचा. मग त्याचा मेव्हणा आला, त्याला माझं घरच सापडेना, शेवटी मीच बस स्टँडवर जाऊन माझ्या मुऱ्हाळीला घेऊन आले. मग एका आखाजीला फोन आला. "अक्का, यंदा काही जमत नाही. तू एसटीनं ये ना. गाड्या भरपूर शेतस."

जमत नाही, कारण आखाजीला आमच्याकडचा पुरुष पत्त्यांना बसतो. वर्षभर ज्याला बायकोशी दोन शब्द बोलायला सवड नसते, तो त्या दिवसांत सावली दिसेल तिथं डाव मांडतो, आणि एकदा बसला की घराला आग लागली तरी हातातली पानं मोजून उठतो.

मी गेले नाही. आखाजी धुळ्यात काढली, तोंड फुगवून. पुढच्या वर्षी परत फोन, परत मी तोंड फुगवलं. माझं तोंड तीस किलोमीटरवरून कुणाला दिसत नाही, हे भूगोलाच्या बाईंना सुचायला हवं होतं.

आमचे गृहस्थ जेवता जेवता म्हणाले, "भाऊ येत नाही तर तूच गाडी घे, आणि तूच स्वतःला मूळ लाव. फुगून काय होतंय?"

ते गंमत करत होते. नवऱ्यांनी गमती जपून कराव्यात. मी माझ्या पगारातलं साठवलेलं बाहेर काढलं.

त्यांचं मत होतं, गाडी घ्यायचीच तर जीपसारखी घ्यावी, मागं खताची पोती मावतील. मी म्हटलं, मला माहेरी जायचंय, खत टाकायला नाही. मग म्हणाले, सगळं जग घेतं ती पांढरी घे, कुठंही दुरुस्त होते. मी म्हटलं, सगळं जग घेतं ते घ्यायला मी काय मेंढी आहे? एवढं बोलल्यावर मागं सरता येईना, आणि तेवढ्यात जळगावच्या एका डॉक्टरांची गाडी विकायची आहे असं कळलं.

जळगावला त्यांच्या अंगणात ती उभी होती. गृहस्थ बॉनेट उघडून आत डोकं घालून बसले, जसं काही त्यांना कळत होतं. मी फक्त दार उघडलं आणि लावलं. जड दार. थप्प असा आवाज आला, धान्याच्या कोठीचं झाकण पडावं तसा. परत उघडलं, परत लावलं. डॉक्टर म्हणाले, "ताई, चालवून बघणार का?"

"मला गाडी येत नाही," मी म्हटलं.

डॉक्टर गृहस्थांकडे बघायला लागले. "मग चालवणार कोण?"

"तीच," गृहस्थ बॉनेटमधून म्हणाले. "राग आलाय तिला."

तर अशी, आधी राग, मग गाडी, मग चालवणं शिकणं. सगळं जग उलट्या क्रमानं करतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत वळायच्या दिव्याची दांडी उजव्या हाताला होती, माझ्या इटलीत ती डाव्या हाताला; उजवीकडे वायपरची. त्यामुळं शिकून आल्यावर मी कुठंही वळायला लागले की काचेवर वायपर नाचायचे. धुळ्याच्या मे महिन्यात, आभाळात ढगाचं नाव नाही, आणि माझे वायपर कोरड्या काचेवर करकर करकर. गल्लीला हळूहळू सवय झाली. पोरं क्रिकेट थांबवून ओरडायची, "बाजूला व्हा रे, वायपर लागले, मॅडम वळताहेत!" मी मात्र गंभीर चेहऱ्यानं वळायची, जणू इटलीत असंच वळतात.

आणि मला गाडी मागं घेता येत नव्हती. शिकवणाऱ्याच्या गाडीत गिअरचा दांडा खाली दाबून मागं ओढायचा. माझ्या गाडीत दांड्याच्या गळ्याशी एक कडं होतं, ते बोटांनी वर उचलावं लागे. हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. इटलीवाली विचारणार कशी? मी गाडी नेहमी अशी लावायची की पुढंच जाता यावं. आयुष्याबद्दल असं कुणी म्हटलं तर टाळ्या पडतात. पार्किंगमध्ये लोक शिव्या देतात.

पुढच्या आखाजीला फोन आलाच. मी म्हटलं, "बरं," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली. सासूबाई तेव्हा होत्या. ओट्यावरून म्हणाल्या, "मुऱ्हाळीबिगर माहेरले चालनी? लोके काय म्हनतीन?"

"लोकांना म्हणावं, गाडी बघा."

"गाडी काय तुना भाऊ शे का?"

बाई निरक्षर होत्या, पण असं काही बोलायच्या की दिवसभर ते पायात मोडलेल्या काट्यासारखं राहायचं.

वाटेत मी सगळं ठरवलं होतं. थेट अंगणात गाडी घालायची. हॉर्न द्यायचा. वहिनी बाहेर येईल, शेजारणी येतील, भाऊ शरमिंदा होईल. मी गॉगल काढून म्हणेन, "आले बरं का माझी मी." गॉगल त्यासाठीच घेतला होता.

गावची वेस आली आणि माझा पाय ब्रेकवर गेला.

एवढी शिकलेली, एवढी पगारदार, एवढी इटलीवाली, आणि न बोलावता वेस ओलांडायची छाती होईना. मूळ लागलं नव्हतं. आत शिरले असते तर पाहुणी म्हणून शिरले असते. रूढी मोडायला निघालेली बाई रूढीच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि तीही एसी लावून. परत फिरावं तर मागं घेता येत नाही. दोन्ही बाजूंनी काटेरी कुंपण, रस्ता बैलगाडीपुरता.

वेशीजवळच्या पारावर एक आबा बसले होते. काठी टेकत आले आणि काचेवर बोट वाजवलं. "कोन शे माय गाडीमा?"

मी काच खाली केली. "मी, आबा. पाटील गल्लीनी अक्का."

"अय माय, मास्तरीण का! मंग उतर ना. घर त् आठेच शे."

"मूळ नही लागनं, आबा. भाऊले सांगा, वेशीपर्यंत लेवाले ये म्हना. तो येत नाही तोवर मी उतरत नाही."

आबांना इतका आनंद झाला की त्यांची काठी गाडीलाच टेकलेली राहिली. अशी बातमी त्यांच्या हाती वर्षानुवर्षं लागली नसेल. ते गेले, आणि बातमी त्यांच्याही पुढं गेली. बघता बघता गाडीभोवती बायका गोळा झाल्या, काचेतून आत डोकावायला लागल्या, एक म्हातारी बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "तपेल शे व, भाकर भाजाई जाई." आबा परत आले. चेहऱ्यावर सगळं तेज.

"तो म्हनस, डाव पुरा व्हवू दे."

मग मी हॉर्नवर हात ठेवला आणि उचलला नाही.

खरं सांगते, त्या हॉर्नच्या आवाजात मी घाबरून गेले होते. नाहीच आला तर? गावादेखत वेशीत बसलेली बहीण, भाऊ डावात, आणि परत जायची सोय नाही. सही करून मोकळी झालेली बाई कशाच्या जोरावर हट्ट धरते? मी इकडं तिकडं बघितलं. सासरचं घर नवऱ्याच्या नावावर. माहेर भावाच्या. ही एक लाल पेटी तेवढी माझ्या नावावर होती. इथून मला कुणी ऊठ म्हणू शकत नव्हतं, आणि कुणी बस म्हणायचीही गरज नव्हती. त्या क्षणी मी त्या गाडीच्या प्रेमात पडले, घामेजल्या हातानं हॉर्न दाबत. एसी चालू असताना घाम येतो, हे मला त्या दिवशी कळलं.

भाऊ आला. हातात पानं तशीच, छातीशी धरलेली, कुणी बघू नयेत म्हणून. "अक्का, हाई काय लायं तू? बठ्ठं गाव दखी ऱ्हायनं. उतर."

"आधी मूळ लाव."

"फोन कया व्हता ना मी!"

"फोनवर मूळ लागस का?"

"मंग आते कसं लावू? तू त् वेशीपर्यंत ई लागनी!"

बायकांमधून कुणीतरी म्हणालं, "भाऊ, तिनी गाडीमा बस, अन् घर ली जाय. लागनं मूळ." आजवर गावात इतका शहाणा निकाल कुणी दिला नसेल. भावानं चारी बाजूंना बघितलं, सुटका दिसेना, म्हणून दार उघडून माझ्या शेजारी बसला. थप्प. मी काच वर केली आणि बाहेरचा गलका थांबला. मग तो, वेगळ्याच आवाजात, "अक्का, हाई गार हवा कोठून येस?"

असं माझं मूळ लागलं. मुऱ्हाळी बाजूच्या सीटवर पानं सांभाळत, आणि जिला न्यायचं ती स्टिअरिंगवर. मंदिरापाशी वळताना वायपर लागले तेव्हा लोकांना वाटलं, हाही समारंभाचाच भाग. दारात वहिनीनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. माझ्यावरून की गाडीवरून, ते मला अजून कळलेलं नाही.

जेवणं झाली आणि भाऊ म्हणाला, "अक्का, चावी दे. सावलीत लावतो." मी झोका घ्यायला गेले. परत आले तर गाडी लिंबाखाली घरघर करतेय, काचा बंद, आणि आत चार पुरुष पत्ते खेळताहेत. मागच्या सीटवरचे दोघं आडवे वळून, पुढचे दोघं मागं वळून, मधल्या जागेत डाव. माझा भाऊ, माझ्या सीटवर, चप्पल काढून. संध्याकाळी निघताना पेट्रोलचा काटा लाल रेघेवर होता, आणि सीटच्या फटीत इस्पिकचा गुलाम सापडला.

पुढच्या वर्षी मूळ आठवडाभर आधी लागलं. भाऊ स्वतः एसटीनं धुळ्याला आला, सासूबाईंसमोर बसून चहा प्याला, रीतसर. सासूबाई धन्य झाल्या. मूळ मला लागलं की एसीला, हे मी विचारलं नाही. त्यानंतर एकही आखाजी चुकली नाही. शेतातला हिस्सा सोडून जे मिळालं नव्हतं, ते गार हवेनं मिळवून दिलं. भावाचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं मी म्हणत नाही. बंद काचेत ते जरा जास्त खुलायचं.

आता गाडी म्हातारी झाली. मीही झाले, पण मला भंगारात द्या असं अजून कुणी उघड म्हणत नाही. मुलगा म्हणतो, "आई, हिचे पार्ट मिळवणं म्हणजे तीर्थयात्रा." खोटं नाही. मध्ये आमच्या गृहस्थांनी गाडीच्या शेडमध्ये कापूस भरला, भाव चढेपर्यंत म्हणून. भाव चढला नाही, उंदीर चढले. कापसातून बॉनेटमध्ये, आणि तिथल्या वायरी कुरतडून मऊ गादी केली. मी गृहस्थांशी कित्येक दिवस बोलले नाही. ते म्हणाले, "एवढं तू मी आजारी असताना पण केलं नव्हतंस." मी म्हटलं, "तुमचे पार्ट धुळ्यात मिळतात." दिल्लीहून वायरिंग आलं, गाडी आरटीओत परत पास झाली. एसी मात्र गेला तो गेला. आणि एसीबरोबर भावाचे गुडघेही गेले, त्यामुळं तो आता येऊ शकत नाही. यात एसीचा भाग किती आणि गुडघ्यांचा किती, ते मी त्याच्या वयाकडं बघून विचारत नाही.

भावाची मुलगी शिंदखेड्याला दिली आहे. तिला न्यायला जायचं काम आता तिच्या भावाचं. यंदा तिनं मला फोन केला. "आत्या, दादा मला म्हणतो, तू कॅब करून ये, पैसे मी पाठवतो." तिचा आवाज हसरा होता. असा हसरा आवाज मला चांगला माहीत आहे. तो काढताना घसा दुखतो.

दुसऱ्या दिवशी मी शिंदखेड्यात तिच्या दारात. तिची सासू बाहेर आली, गाडीत वाकून बघितलं, मागच्या सीटवरही बघितलं. "मुऱ्हाळी कुठंय?"

"मीच."

"अहो, बाईमाणूस कधी मुऱ्हाळी असतं का?"

"विहीणबाई, ते चहा पिता पिता ठरवू. साखर कमी टाका."

चहा झाला. पोरगी बॅग घेऊन आली, घरातल्यांच्या पाया पडली, गाडीत बसली. दार दोनदा ओढावं लागलं, तेव्हा लागलं. गावाबाहेर आलो, काचा खाली, ऊन तोंडावर. तिनं ओढणी डोक्याला गुंडाळली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "आत्या, तू दमलीस. दे, मी चालवते. माझी रोजची सवय आहे."

"नको."

"अगं, बाबा सांगतात ना, तेव्हा मुऱ्हाळी बाजूला बसला होता आणि जिला न्यायचं तीच चालवत होती. रीत तशीच आहे आपल्याकडची."

"रीत बदलली."

"कधी?"

"आत्ता. शिंदखेड्याचा फाटा गेला तेव्हा."

ती हसायला लागली, या वेळी घसा न दुखवता. मी गिअर बदलला. स्टिअरिंग दिलं नाही.